छोट्या ट्रॅक्टरच्या टायरात पाणी भरण्यापूर्वी : कोणता द्रव, किती आणि कसा

तासगाव तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेसाठी आम्ही 24 अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घेतला आणि पहिल्याच ऑक्टोबर छाटणीनंतर एक अडचण पुढे आली. औषधाने भरलेला ब्लोअर (पंख्याचे फवारणी यंत्र) जोडून ओल्या काळ्या रानात शिरले की ओळीच्या मध्यावर मागची चाके जागीच गरगर फिरू लागत आणि फवारणीची वेळ निघून जाई. शेजाऱ्यांपासून पंक्चरवाल्यापर्यंत प्रत्येकाने एकच उपाय सांगितला, की मागच्या टायरात पाणी भरा. ते कोणते, किती, कशाने भरायचे आणि मुळात आपल्या अडचणीवर तो उपाय लागू पडतो का, हे मात्र कोणी सांगितले नाही. त्यानंतरच्या काळात मी हे काम एकदा चुकीच्या आणि दोनदा बऱ्या पद्धतीने केले असून, सांगली-साताऱ्याकडे नव्याने छोटा ट्रॅक्टर घेणाऱ्यांना ती पहिली चूक करावी लागू नये म्हणून हे सर्व क्रमाने लिहीत आहे.

1. आधी नेमके दुखणे ओळखावे

छोट्या ट्रॅक्टरबाबत तीन वेगवेगळ्या तक्रारी असतात आणि तिन्हींवर लोक "पाणी भरा" हेच सांगतात. प्रत्यक्षात पाण्याचा उपयोग त्यातल्या दोनच तक्रारींवर होतो.

पहिली तक्रार मागची चाके घसरण्याची. येथे पाण्याचा थेट उपयोग होतो, कारण चाकावरचा जमिनीकडील दाब वाढला की त्याची पकड वाढते.

दुसरी तक्रार ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाण्याची. रोटर (माती भुसभुशीत करणारे फिरत्या पात्यांचे अवजार) हायड्रॉलिकवर वर घेतला किंवा भरलेली ट्रॉली चढावर ओढली की पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. येथे मागच्या टायरातील पाणी काहीच करत नाही. तोंड उचलले जाते तेव्हा ट्रॅक्टर मागच्या चाकांवर टेकून मागे कलतो आणि पाणी त्याच चाकांच्या आत असते, त्यामुळे पुढच्या चाकांवर त्याचा दाब किलोभरही वाढत नाही. या तक्रारीला पुढे लावण्याच्या लोखंडी वजनाच्या प्लेट हेच उत्तर आहे. पाणी भरून तोंड उचलणे थांबेल असा भरवसा ठेवून उसाची ट्रॉली चढावर घालणे धोक्याचे आहे, कारण पाण्यामुळे मागची पकड वाढलेली असते आणि चाक घसरण्याऐवजी तोंडच अधिक जोराने वर येऊ शकते.

तिसरी तक्रार आडव्या उतारावर डोलण्याची. जावळी किंवा पाटणकडील चढउताराच्या रानात ही खरी अडचण आहे. टायरातील पाणी जमिनीलगत राहत असल्यामुळे ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि उभे राहणे अधिक भक्कम होते. तथापि जेथे ट्रॅक्टर नेणेच योग्य नाही, तेथे पाणी भरूनही तो नेऊ नये.

ज्यांनी ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवला आहे त्यांची गरज आणखी वेगळी आहे. भरलेला लोडर पुढच्या आसावर प्रचंड भार टाकतो आणि तो भार कमी करायचा असेल तर वजन मागच्या आसाच्याही मागे, म्हणजे तीन-बिंदू जोडणीवर (मागे अवजार जोडण्याच्या दांड्यांवर) टांगावे लागते. टायरातील पाण्याने मागची पकड सुधारते, पुढच्या आसावरील ताण मात्र तसाच राहतो.

घसरण हीच तक्रार निश्चित झाली तरी वजनाकडे वळण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. टायरची नक्षी झिजलेली नाही ना, डिफरन्शियल लॉकचे (दोन्ही मागची चाके एकत्र फिरवणारे) पायडल काम करते का, आणि टायरात हवा नेमकी किती आहे. आमच्या नव्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा बरीच जास्त हवा होती आणि महिनाभर आमच्यापैकी कोणीही ती मोजलेली नव्हती. फुगलेल्या टायरची मधली पट्टीच जमिनीला टेकते. हवा सांगितलेल्या पौंडांवर (हवेच्या दाबाचे माप) आणल्यावर घसरण पूर्ण थांबली नाही, पण निम्मा त्रास फुकटात कमी झाला.

2. घसरण मोजावी, अंदाजाने ठरवू नये

यासाठी खडू, लांब टेप आणि एक सोबती पुरेसा होतो. मागच्या टायरच्या बाजूवर खडूने ठळक खूण करावी. ज्या रानात काम करायचे आहे त्याच रानात, अवजार उचलून किंवा ब्लोअर सोडून, खुणेचे चाक बरोबर 10 फेरे फिरेपर्यंत ट्रॅक्टर चालवावा आणि अंतर मोजावे. मग त्याच गिअरमध्ये, अवजार पूर्ण कामाला लावून किंवा ब्लोअरची टाकी भरून, पुन्हा 10 फेऱ्यांचे अंतर मोजावे. दोन्ही अंतरांतील फरकाला पहिल्या अंतराने भागून 100 ने गुणले की घसरण टक्क्यांत मिळते.

समजा, मोकळ्या ट्रॅक्टरने 10 फेऱ्यांत 29 मीटर अंतर कापले आणि भाराखाली 23 मीटर. फरक 6 मीटर, म्हणजे घसरण जवळजवळ 21 टक्के झाली. शेतकामात साधारण 10 ते 15 टक्के घसरण योग्य मानली जाते. त्याहून जास्त असेल तर डिझेल आणि टायर दोन्ही वाया जातात. 8 टक्क्यांच्याही खाली असेल तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड झालेला असतो, आणि ही गोष्ट आपल्याकडे कोणी गंभीरपणे घेत नाही. थोडे घसरणारे चाक हे एका परीने घरातल्या फ्यूजसारखे आहे. भार जास्त झाला की ते घसरते आणि क्लच व गिअर वाचतात. ते घसरणेच बंद केले तर तो धक्का पुढे क्लचला सोसावा लागतो.

3. आपले टायर किती पाणी घेते ते पाहावे

टायरच्या बाजूवर आकार उठावाने लिहिलेला असतो. टायर तीन-चतुर्थांश भरले असता 8.3-20 मध्ये सुमारे 50 लिटर, 8.3-24 मध्ये 50 ते 60 लिटर, 9.5-24 मध्ये सुमारे 80 लिटर आणि 11.2-24 मध्ये सुमारे 110 लिटर पाणी मावते. कंपनीगणिक यात थोडा फरक पडतो. 1 लिटर पाण्याचे वजन 1 किलो, म्हणजे 8.3-24 च्या दोन टायरांत मिळून शंभर ते एकशेवीस किलो वजन वाढते. छोट्या ट्रॅक्टरला हे वजन कमी नाही.

ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तिकेत बॅलास्ट या शीर्षकाखाली किती वजन वाढवता येईल ते दिलेले असते. तो आकडा ओलांडू नये आणि वॉरंटीच्या अटीही त्याच वेळी वाचून घ्याव्यात. टायर रेडियल असेल तर 40 टक्क्यांपेक्षा जास्त भरू नये, अन्यथा त्याच्या बाजूंची लवचीकता जाते. आपल्याकडील छोट्या ट्रॅक्टरांना बहुधा साधे, तिरप्या धाग्याचे टायर असतात, त्यांना 75 टक्के चालते.

एक सोपा उपाय असा, की जवळच्या वजनकाट्यावर केवळ मागची चाके चढवून वजन करून घ्यावे आणि पाणी भरल्यावर ते पुन्हा करावे. गळीत हंगाम सोडून गेल्यास रांगही लागत नाही. कागदावर दोन आकडे हाती असले की पुढच्या वर्षी पुन्हा अंदाज करत बसावे लागत नाही.

येथेच एक इशारा देणे आवश्यक आहे. कोरेगाव भागात आल्याचे गादीवाफे असणाऱ्यांनी, किंवा ज्यांचा ट्रॅक्टर मुख्यतः भुसभुशीत बेडच्या मधून फिरतो त्यांनी, वजन वाढवण्याच्या फंदात पडू नये. वाढलेले प्रत्येक किलो वजन जमीन दाबते आणि दाबलेल्या जमिनीत पाणी साचून कंद कुजण्याचा धोका वाढतो. द्राक्षबागेतही चाकांचे पट्टे वर्षानुवर्षे तेच राहतात, म्हणून आम्ही गरज भागेल इतकेच भरतो.

4. द्रव निवडावा

परदेशांतील माहितीत टायरात भरण्याच्या द्रवांची मोठी यादी असते आणि ती वाचून नवा माणूस गोंधळतो. त्या यादीमागचे कारण एकच आहे, ते म्हणजे थंडी. ज्या प्रदेशांत हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो तेथे साधे पाणी टायरात गोठते, म्हणून तेथील शेतकरी न गोठणारा द्रव शोधतात. आपल्याकडे ही अडचण नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात एखाद्या कडाक्याच्या पहाटे पानांवरचे दव गोठते हे खरे, पण पातळ दव गोठणे वेगळे आणि रबराच्या आतील 60 लिटर पाणी गोठणे वेगळे. तेथील स्ट्रॉबेरी उत्पादकांनाही या कारणासाठी दुसरा द्रव शोधण्याची गरज नाही. माझे स्पष्ट मत असे, की आपल्या दोन्ही जिल्ह्यांत साधे स्वच्छ पाणीच भरावे. तरीही इतर पर्याय कोणी ना कोणी सुचवतोच, म्हणून ते का टाळावेत हे सांगतो.

कॅल्शियम क्लोराइड. हा क्षार पाण्यात विरघळवला की द्रावण पाण्यापेक्षा 20 ते 25 टक्के जड होते. ऐकायला हे आकर्षक वाटते, पण हिशेब करून पाहावा. 60 लिटरच्या टायरात त्यामुळे 12 ते 15 किलो वजन अधिक मिळते, आणि तेवढे वजन चाकाला बोल्टने बसवायच्या लोखंडी वजनातून कोणत्याही उपद्रवाशिवाय मिळते. हे द्रावण लोखंडाला झपाट्याने गंजवते. ट्यूब असली तरी व्हॉल्व्हपाशी थेंब-थेंब झिरपून रिमचे भोक खाल्ले जाते. द्राक्षबागायतदारांसाठी दुसरे कारण त्याहून मोठे आहे. द्राक्षवेलीला क्लोराइड जास्त झालेले सोसत नाही, पानांच्या कडा करपतात, आणि म्हणूनच आपण देठ परीक्षणात (पानांच्या देठांच्या प्रयोगशाळेतील तपासणीत) क्लोराइडचा आकडा पाहतो. ओळीत टायर फुटून हे द्रावण एका वेलीच्या मुळाशी ओतले जाण्याची शक्यता मी तरी स्वीकारणार नाही. इतके सांगूनही कोणाला ते वापरायचेच असेल, तर क्षार पाण्यात थोडा-थोडा टाकावा, क्षारावर पाणी ओतू नये, कारण विरघळताना द्रावण चांगलेच तापते. हातमोजे आणि चष्मा घालावा.

खायचे मीठ. स्वस्त पडते म्हणून काही जण हे सुचवतात. गंजण्याचा दोष तोच, आणि गळाले तर जमिनीत सोडियम वाढणार. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींचा अनुभव असलेल्या जिल्ह्यात मीठ विकत आणून रानात नेण्याचा सल्ला कोणी द्यावा, याचे मला आश्चर्य वाटते.

मळी, म्हणजे मोलॅसिस. साखर कारखान्यांच्या भागात हा विचार सुचणे स्वाभाविक आहे, मलाही सुचला होता. अमेरिकेत बीटपासून साखर काढल्यावर उरणाऱ्या रसापासून केलेला द्रव टायरात भरतात, तो पाण्यापेक्षा सुमारे 30 टक्के जड असतो आणि लोखंड गंजवत नाही, मग आपली उसाची मळी का नको, असा तो विचार. परंतु तो द्रव साखर काढून घेऊन, खास या कामासाठी तयार केलेला असतो. आपल्या मळीत आंबण्याजोगी साखर भरपूर शिल्लक असते, आणि म्हणूनच तिच्यापासून मद्यार्क बनतो. पाणी घालून पातळ केलेली मळी उन्हात तापणाऱ्या बंद टायरात आंबली तर वायू तयार होऊन दाब वाढत जाईल. पातळ न करता भरायची तर ती व्हॉल्व्हमधून उतरतच नाही. शिवाय मळीच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण आहे, ती पाहिजे तशी बॅरलने आणून वापरण्याची वस्तू नाही. हा विषय मी तेथेच सोडला.

कूलंट, म्हणजे ग्लायकॉल. रेडिएटरमध्ये घालायचे नेहमीचे कूलंट इथिलीन ग्लायकॉलचे असते. ते विषारी आहे आणि चवीला गोड असल्यामुळे गळून साचलेले थारोळे कुत्री-जनावरे चाटतात. गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये ते नकोच. प्रोपिलीन ग्लायकॉल त्या मानाने निर्धोक आहे, पण महाग आहे आणि येथे त्याची गरज नाही.

जळके ऑइल. रिम गंजत नाही म्हणून हे भरणारेही आढळतात. ऑइल पाण्यापेक्षा हलके असते, म्हणजे वजनाचा मूळ हेतूच उणा पडतो, आणि ते ट्यूबचे रबर फुगवून खराब करते.

टायर फोमने भरून घेण्याची पद्धतही आहे. त्यात पंक्चरचा प्रश्न संपतो, पण टायर कायमचे कडक होते आणि झिजल्यावर कापूनच काढावे लागते. शेतातील छोट्या ट्रॅक्टरसाठी त्याचा विचार करू नये.

आता पाण्याविषयी. सर्व पाणी सारखे नसते. जत, कवठेमहांकाळ आणि आमच्या तालुक्याच्या काही भागांत बोअरचे पाणी इतके क्षारयुक्त असते की ड्रिपरच्या तोंडावर पांढरा थर बसतो. ते पाणी टायरात भरू नये. म्हैसाळ योजनेचे कालव्याचे पाणी किंवा पावसाचे साठवलेले पाणी त्याहून चांगले. शेततळ्यातील पाणी घेतल्यास शेवाळ आणि गाळ कपड्याने गाळून घ्यावा. टायर ट्यूबलेस असेल तर पाणी थेट रिमला लागते, अशा वेळी गंजरोधक मिसळणे आवश्यक आहे. ट्यूब असलेल्या टायरात पाणी ट्यूबमध्येच राहते आणि चांगले पाणी वापरल्यास बाकी काही घालण्याची गरज पडत नाही. आपल्याकडील बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांना ट्यूबच असते. खात्री नसल्यास टायरच्या बाजूवरील मजकूर वाचावा.

5. साहित्य जमवावे

सुरुवात करण्यापूर्वी पुढील वस्तू हाताशी असाव्यात, कारण ट्रॅक्टर जॅकवर असताना तालुक्याच्या गावाला जाऊन एखादी वस्तू आणणे बरे दिसत नाही आणि सुरक्षितही नसते.

- ट्रॅक्टरची पुस्तिका आणि त्यातील हवेचे व वजनाचे आकडे एका कागदावर उतरवून
- भक्कम जॅक आणि आसाखाली द्यायला लाकडी ओंडके, पुढच्या चाकांना लावायला दगड किंवा गुटके
- व्हॉल्व्हची पिन काढायची किल्ली आणि दोन नव्या पिना
- पाणी भरण्याचा नोझल, ज्यातून एकीकडे पाणी आत जाते आणि दुसरीकडे हवा बाहेर पडते
- नोझलला बसणारी नळी, क्लिप आणि लिटरच्या खुणा असलेली बादली किंवा ड्रम
- हवेचा पंप आणि पौंड दाखवणारा गेज

मागच्या टायरच्या ट्यूबला बहुधा टीआर 218 ए नावाचा व्हॉल्व्ह असतो. हवा आणि पाणी दोन्हींसाठीच तो बनवलेला आहे. त्याची केवळ आतली बारीक पिन न काढता पिनेसह वरचा भागच फिरवून काढता येतो आणि मोठे तोंड मोकळे होते. पाणी याच तोंडातून भरायचे असते. पुढच्या छोट्या टायरांच्या ट्यूबला तसे तोंड नसते, आणि पुढच्या टायरात पाणी भरण्याची गरजही सहसा नसते. स्टेअरिंग जड होण्यापलीकडे त्यातून फारसे काही मिळत नाही.

6. भरण्याची कृती

(क) सपाट आणि कडक जागी ट्रॅक्टर उभा करावा, हँडब्रेक लावावा, पुढच्या चाकांच्या दोन्ही बाजूंना दगड लावावेत. एका वेळी एकच चाक जॅकवर घ्यावे आणि आसाखाली ओंडका दिल्याशिवाय हात आत घालू नये.

(ख) त्यापुरता हँडब्रेक सोडून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने फिरवावे आणि व्हॉल्व्ह बरोबर वर, घड्याळातील 12 च्या जागी आणावा. संपूर्ण कामातील हीच सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. पाणी व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंतच भरते, त्यामुळे व्हॉल्व्ह 12 वर असेल तर टायर सुमारे 75 टक्के भरते आणि वरचा चौथा हिस्सा हवेसाठी मोकळा राहतो. व्हॉल्व्ह 3 वर असेल तर टायर अर्धेच भरते आणि 4 वर असेल तर सुमारे 40 टक्के. कमी भरायचे असल्यास याच युक्तीचा उपयोग करावा.

माझी चूक येथेच झाली. पहिल्या वेळी काम पंक्चरच्या एका दुकानात करून घेतले. एका चाकाचा व्हॉल्व्ह वर आणला गेला, दुसऱ्याचा आणलाच नाही, तो तिरका खाली राहिला. भरून झाले, पैसे दिले, मीही काही विचारले नाही. रानात गेल्यावर उजवे चाक पूर्वीसारखेच फिरू लागले. हे समजायला वेळ लागला, की डिफरन्शियलमुळे ज्या चाकाची पकड कमी असते तेच आधी फिरते आणि त्या वेळी दुसऱ्या चाकातील जादा वजनाचा काहीही उपयोग होत नाही. पाणी काढून बादल्यांनी मोजले तेव्हा एका टायरात 58 लिटर आणि दुसऱ्यात 40 लिटर निघाले. तेव्हापासून मी भरतानाच पाणी मोजतो आणि दोन्ही चाकांचे आकडे लिहून ठेवतो.

(ग) पिन काढून हवा पूर्ण सोडावी. चाक जॅकवर असल्यामुळे ट्यूब दबत नाही. मग व्हॉल्व्हचा वरचा भाग काढून नोझल बसवावा. हे करताना व्हॉल्व्हची दांडी आत ढकलली जाणार नाही याकडे लक्ष ठेवावे, कारण ती एकदा टायरात गेली की टायर उघडावेच लागते.

(घ) पाणी कमी दाबाने सोडावे. उंचावरील टाकीची नळी चालते, वेळ लागतो इतकेच. द्राक्षबागेत याहून सोपा मार्ग आहे. ठिबकच्या सबमेनच्या (ओळींना पाणी देणाऱ्या पाइपच्या) टोकाच्या फ्लश व्हॉल्व्हला नळी जोडली तर फिल्टरमधून गाळलेले पाणी सुमारे 1 किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाबाने मिळते. मात्र त्या वेळी खताचा डोस चालू नसावा आणि आधी काही मिनिटे साधे पाणी सोडून लाइन धुऊन घ्यावी, नाहीतर विद्राव्य खतच टायरात जाईल. औषध फवारणीचा जास्त दाबाचा एचटीपी पंप या कामाला कधीही वापरू नये. तो 20 किलोच्या पुढे दाब देतो आणि हवा निघायची वाट थोडी जरी तुंबली तरी ट्यूब फुटायला किंवा टायर रिमवरून निसटायला क्षणही लागत नाही.

(ङ) नोझलच्या हवेच्या वाटेने पाणी येऊ लागले की भरणे थांबवावे. वाटेत हवा अडकून पाणी जाणे थांबल्यास नळी बंद करून हवा निघू द्यावी आणि पुन्हा सोडावे. टायर पूर्ण, शंभर टक्के भरण्याचा आग्रह धरू नये. आतील चौथ्या हिश्शाची हवा हीच चाकाची गादी आहे, ती नसेल तर प्रत्येक दगडाचा धक्का थेट टायरच्या धाग्यांवर आणि आसावर बसतो.

(च) व्हॉल्व्हचा वरचा भाग आणि नवी पिन बसवावी, व्हॉल्व्ह वरच ठेवून पुस्तिकेत दिलेल्या पौंडांपर्यंत हवा भरावी, टोपण घट्ट लावावे आणि चाक खाली घ्यावे. मग दुसरे चाक घ्यावे, आणि व्हॉल्व्ह 12 वर आहे का ते पुन्हा एकदा पाहावे.

7. भरल्यानंतर

पहिल्या दिवशी व्हॉल्व्हपाशी ओल आहे का ते पाहावे. पुढे हवा नेहमीपेक्षा जास्त वेळा, निदान दर आठवड्याला तपासावी, कारण आतील हवेची जागा लहान असल्याने थोडीशी गळतीही दाब बराच खाली आणते. तपासताना व्हॉल्व्ह नेहमी वर आणावा. खाली असताना गेज लावल्यास पाण्याच्या उंचीमुळे आकडा सुमारे 1 पौंड जास्त दिसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे गेजमध्ये पाणी जाऊन तो निकामी होतो. रस्त्यावर वेग कमी ठेवावा. ब्रेक मारल्यावर ट्रॅक्टर पूर्वीपेक्षा थोडा पुढे जाऊन थांबतो, हे घरातील इतर चालवणाऱ्यांनाही सांगून ठेवावे. यानंतर त्याच रानात घसरण पुन्हा मोजावी. अजूनही 15 टक्क्यांच्या वर असेल तर लोखंडी वजनाचा विचार करावा. द्रव बदलून तो फरक भरून निघणार नाही.

8. पंक्चर झाल्यास आणि पाणी काढायचे असल्यास

बाभळीचा काटा आपल्या बांधांवर कुठेही असतो, त्यामुळे पाणी भरलेले टायर पंक्चर होणारच हे गृहीत धरावे. पंक्चरवाल्याला फोनवरच सांगावे की टायरात पाणी आहे. त्याशिवाय तो साधी हत्यारे घेऊन येतो. ओल्या ट्यूबवर पॅच टिकत नाही, ट्यूब आतून-बाहेरून कोरडी होऊ द्यावी लागते, आणि भरलेले चाक एकट्याने उतरवण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये.

पाणी काढण्यासाठी चाक जॅकवर घेऊन व्हॉल्व्ह सर्वांत खाली, 6 च्या जागी आणावा. आतील हवेच्या दाबाने पाणी जोरात उडते, म्हणून पिन सावकाश सैल करावी आणि आपला चेहरा बाजूला ठेवावा. धार थांबली म्हणजे टायर रिकामे झाले असे बहुतेकांना वाटते. ते खरे नाही. व्हॉल्व्ह रिमवर असतो आणि रिमच्या खाली टायरचे पोट शिल्लक राहते. भरताना वर जेवढी जागा हवेसाठी सुटते तेवढीच ही खालची जागा असते, म्हणजे भरलेल्या पाण्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा, 60 लिटरपैकी सुमारे 20 लिटर, आतच राहतो. ते काढायला बागेतील ठिबकची बारीक मायक्रोट्यूब उपयोगी पडते. तिचे एक टोक व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडातून पोटाच्या तळापर्यंत सरकवावे, दुसरे टोक टायरच्या तळापेक्षा खाली सोडावे आणि एकदा ओढून धार सुरू करून द्यावी. यासाठी पाणी सोडण्यापूर्वीच ट्रॅक्टर एखाद्या सपाट, उंच ओट्यावर उभा केलेला असावा, कारण सपाट रानात ही धार चालत नाही. तासाभरात बरेचसे पाणी निघते. आम्ही ते मोजून, वहीत लिहून, मग बांधावरच्या नारळाला सोडतो.